पानिपतची डबाभर माती

शनिवारी सकाळी गौरव दोन मित्रांसह पानिपताच्या दिशेने प्रस्थान करता झाला, तेव्हा त्याच्या मांडीवर स्टीलचा रिकामा डबा होता आणि खिशात गुणवंतकाकांचे पत्र होते. 'संक्रांतीस गावी पूर्वजांच्या स्मारकाची पायाभरणी आहे. रणांगणावरील माती पाठव. माती आणणारा म्हणून तुझे नाव शिळेवर कोरावयास दिले आहे.'

गौरव मराठवाड्यातील. दिल्ली म्हणजे गावाच्या लेखी परदेशच, आणि त्या परदेशात तीन वर्षे राहून तो कलेक्टर होण्याची परीक्षा देत होता. विषय इतिहास. इतिहास त्याने पुष्कळ वाचला होता. पाहिली होती ती मात्र खाण्याची दुकाने.

गाडी नीरजची, म्हणजे त्याच्या वडिलांची, नवी कोरी. नीरज दिल्लीतच जन्मलेला मराठी मुलगा. मागे अक्षया बसली होती. गौरवच्याच शिकवणीवर्गातली, नगरची, जिभेने तिखट.

"यार, मुर्थलला पाच मिनिटं थांबू. पराठे खाल्ल्याशिवाय ह्या रोडवरून कोणी पुढे जात नाही."

"आपण माती आणायला चाललोय, नीरज."

"माती अडीचशे वर्षं तिथेच आहे ना? पळून नाही जाणार. पराठे थंड होतील."

या युक्तिवादात दोष काढणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास जमले नाही.

बटाट्याचा आला, मागोमाग कांद्याचा, मग पनीरचा. पराठा संपला की लोणी उरे, म्हणून पराठा मागवावा. लोणी संपले की पराठा उरे, म्हणून लोणी मागवावे. त्यावर लस्सी. त्यावर खीर. बाहेर कोवळ्या उन्हात खाटा मांडलेल्या होत्या. "दोन मिनिटं पाठ टेकतो," असे गौरव म्हणाला, आणि डोळे उघडले तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते.

"ऊठ रे कुंभकर्णा!" अक्षया स्वतःही नुकतीच उठली होती.

"कोहरा बघ यार," रस्त्यावर उतरलेल्या धुक्याकडे बोट दाखवीत नीरज म्हणाला. "पप्पांची गाडी आहे. पुढे बिल्कुल नको."

ज्या रणांगणाजवळ हजारो माणसे उपाशीपोटी लढली, त्याच्या बारा कोस अलीकडे तीन सुदृढ विद्यार्थी अतिभोजनाने धारातीर्थी पडले, आणि ढेकर देत माघारी फिरले.

रविवारी पहाटे सहाला निघण्याची शपथ झाली. नीरज अकराला उठला. मग भूक लागली म्हणून करोल बाग, तेथे छोले भटुरे, आणि पोट जड झाले म्हणून अक्षयाची स्वेटरखरेदी. संध्याकाळी तिघे नीरजच्या, दिल्लीतल्याच द्वारका उपनगरातील घराखाली उभे होते. संक्रांत शुक्रवारी, पार्सल सोमवारी सकाळी निघाले नाही तर शिळेवरचे नाव गेले. समोर एक नवी सोसायटी उभी राहत होती. त्या काळी तेथे रोज एक उभी राहत असे.

गौरवची दृष्टी तेथील ढिगाऱ्यावर स्थिरावली.

"लाज वाटू दे," अक्षया म्हणाली.

"पृथ्वी एकच आहे, अक्षया," गौरव गंभीरपणे उत्तरला. कृत्य अगदीच खोटे होऊ नये म्हणून त्याने चपला काढल्या, हात जोडले, आणि मग डबा भरला.

"पाया कुणाच्या पडलास? बिल्डरच्या?"

संक्रांतीच्या दिवशी गौरवने मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. पाचच्या सुमारास काकांचा फोन आला.

"गौऱ्या, माती पोचली बरं का. आमदार आले होते. अख्खं गाव रांगेत उभं."

"छान झालं, काका."

"एकास सहा."

"काय, काका?"

"सिमेंट एक, वाळू सहा. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं गोट्या खेळत होतो का रे मी? चिमटीत धरली नि कळलं."

गौरवला पराठे, भटुरे सारे एकदम आठवले. त्याने विचारले, "माझं नाव... खोडलंत का?"

"कसं खोडू? कोरून, रंगवून झालंय. आणि चारशे माणसांना सांगू काय? सगळ्यांच्या आधी मीच कपाळाला लावली आणि ढसाढसा रडलो. लोक म्हणाले, बघा, पूर्वजांवर केवढी माया!"