विड्याच्या पानांचं सोनं

"संशोधक म्हणजे भिंतीवरची पाल! सगळं बघायचं, पण चुकचुकायचं नाही!" असं मैत्रिणींना ठणकावून मानववंशशास्त्रज्ञ इरा पुण्याहून चेन्नईला आली. मुलांना गाणं कसं शिकवतात, यावर तिचा प्रबंध होता. स्वतः तिने सुराशी कधी सोयरीक केली नव्हती, आणि त्याचाच तिला अभिमान होता. म्हणे, तटस्थपणा टिकतो!

वेस्ट मांबलममध्ये महालक्ष्मीमामींचा गाण्याचा वर्ग होता. घराणं तंजावरचं, बोलणं जुन्या वळणाच्या मराठीतलं. आपलीच माणसं, म्हणून इरा दसऱ्याला त्यांना सोनं द्यायला गेली. आपट्याची पानं मिळेनात, तेव्हा तिने विड्याची घेतली, वर नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

मामींचे डोळे भरून आले. "सेरी, बरं तर, बैस! म्हण, सा!"

"अहो मामी, मी फक्त बघायला..."

"विजयादशमीला पान-नारळ घेऊन आलीस, पाया पडलीस. शिष्या झालीस की!"

हा रिवाज तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. इराने तर त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं! पण आता नाही म्हणावं, तर वर्गाचं दार बंद आणि प्रबंध बुडाला. तिने डोळे मिटून "सा" लावला. शेजारची चिमुरडी कीर्तना दचकून सरकून बसली.

तेव्हापासून इराचं निरीक्षण संपलं. एक हात मांडीवर ताल धरण्यात, दुसरा घाम पुसण्यात. टिपणं कोण घेणार? रेकॉर्डर तेवढा चालू असायचा. पोरं भराभर पुढे गेली, इरा होती तिथंच.

शेवटी ती रडकुंडीला आली. "मामी, मला काढून टाका. मी तुमचं नाव घालवीन!"

"घेतलेलं पान परत देत नाहींत, ग. सूर येईल तेव्हा येईल. मी कुठें जातें?"

इराला भरून आलं. आजवर तिच्यासाठी इतकं निवांत कुणी थांबलंच नव्हतं.

नाइलाजाने तिने नुसती रेकॉर्डिंगं पुण्याला मार्गदर्शक रत्नप्रभाबाईंकडे धाडली. दोन दिवसांनी बाईंचा फोन!

"इरा, कमाल आहे! ते एक बेसूर पोर ऐकलंस? मामी त्याला एकदाही रागावत नाहीत, सोडतही नाहीत. तुझा प्रबंध तिथंच आहे! बोललीस का त्या पोराशी?"

"रोज बोलते, बाई."

"वय काय त्याचं?"

"चौतीस."