चारशे मीटर दक्षिणेला

एवेलियोच्या बेकरीत पिठाच्या डब्यावर तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आठवडाभर पडून होती. गाडी एकच, ती चालवणारा नेफ्ताली एकच, आणि गाडी कुठे आहे हे कोस्टा रिकातल्या त्या लहानशा गावात कुणाच्याही खिडकीतून दिसायचं. तरीही गाडीवर नजर ठेवणारं यंत्र घ्यायचंच होतं. गावच्या वृद्धाश्रमाला रोज तीनशे पाव हवे होते, आणि तिथल्या व्यवस्थापक ग्रेटेलबाईंची अट होती की गाडी कुठे कुठे पोचली याचा अहवाल त्यांना रोज मिळाला पाहिजे. आधीच्या बेकरीवाल्याचा न्याहारीचा पाव जेवणाला यायचा. चार दिवस यंत्र लावून बघायचं आणि शुक्रवारी करारावर सही, असं ठरलं. त्या सहीच्या भरवशावर एवेलियोने मनातल्या मनात दुसरी भट्टी बांधूनही टाकली होती.

"हे साधं घे," बहीण सोयला म्हणाली. गल्ला, गिऱ्हाईक आणि एवेलियो या तिघांवर तिचीच सत्ता चालायची. "नकाशावर ठिपका दिसतो. गाडी हलली की ठिपका हलतो. आणखी काय पाहिजे?"

"अगं, ठिपका काय, माशीसुद्धा हलते. हे बघ. हे प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता लक्षात ठेवतं, गाडी तिथे थांबली का ते ताडून बघतं आणि निकाल देतं."

"निकाल द्यायला मी आहे ना घरात."

पण एवेलियोला निकाल देणारंच हवं होतं. कंपनीचा विक्रेता ओल्देमार राजधानीतून आला, यंत्र गाडीत बसवलं आणि पत्ते टिपायला बसला. सोयला वही उघडून वाचू लागली, "जुन्या सिनेमापासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पूर्वेला, हिरवं फाटक, कुत्रा बांधलेला असतो."

जुना सिनेमा पाडून पंचवीस वर्षं झाली. तिथे आता औषधांचं दुकान आहे, पण गावातले सगळे पत्ते अजून सिनेमापासूनच निघतात. ओल्देमारला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्याच्या घराचा पत्ता तर एका तोडलेल्या झाडापासून होता.

"कुत्र्यासाठी रकाना नाही," एवढंच तो म्हणाला. "बाकी एकेक मीटर भरलाय. दहा पावलांची चूकसुद्धा हे यंत्र खपवून घेत नाही."

मंगळवारी पहाटेपासून एवेलियोचा फोन किणकिणायला लागला. गाडी अनोळखी जागी थांबली. पुन्हा अनोळखी जागी थांबली. बाराव्यांदा वाजल्यावर त्याने नेफ्तालीला फोन लावला.

"कुठायस?"

"हिरव्या फाटकापाशी, मालक."

"यंत्र म्हणतंय, तू तिथे नाहीस."

"मग कुत्रा कुणावर भुंकतोय?"

संध्याकाळी अहवाल आला. गिऱ्हाइकं अडतीस, पाव पोचला एक. तो एक म्हणजे औषधांचं दुकान. आणि यंत्र भलतंच तत्पर असल्यामुळे अहवाल ग्रेटेलबाईंकडे आधीच गेला होता.

बुधवारी एवेलियोने फर्मान काढलं की प्रत्येक दारात पाच मिनिटं जास्त थांबायचं, म्हणजे यंत्राला नीट दिसेल. यंत्राने लिहिलं, चालक अनोळखी ठिकाणी बराच वेळ रेंगाळतो. गुरुवारी तो स्वतःच गाडीत बसला आणि अडतीस दारं आपल्या हाताने ठोठावून आला. निकाल पुन्हा एक. एवेलियोला क्षणभर वाटलं, आपणच कुठे गेलो नव्हतो की काय. त्याने ओल्देमारला फोन केला.

"यंत्र चुकत नाही, मालक. माणसं चुकतात," तिकडून उत्तर आलं.

नेफ्तालीला हे लागलं. "सतरा वर्षं वाटतोय पाव. आता एक डबा म्हणतो, वाटलाच नाही," तो म्हणाला आणि दुपारची कॉफी न पिताच निघून गेला. एवेलियोला वाईट वाटलं, पण डोळ्यांपुढून भट्टी हलत नव्हती.

शुक्रवारी ग्रेटेलबाई आल्या त्या हातात अहवाल घेऊनच.

"सही राहू दे बाजूला. या यादीत माझ्या आईचं नाव आहे. दोन्या आंपारो. पाव पोचला नाही, पोचला नाही, पोचला नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला तुम्ही उपाशी ठेवताय?"

एवेलियो अहवालाची पानं उलटसुलट करायला लागला. सोयला म्हणाली, "आईलाच विचारा की."

ग्रेटेलबाईंनी फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पलीकडून आवाज आला.

"पाव आला नाही? मग मी रोज सकाळी कॉफीत काय बुडवतेय? नेफ्ताली सव्वासहाला येऊन गेला. निळा सदरा होता, बटण तुटलंय. लावून देते म्हटलं तर थांबला नाही."

ग्रेटेलबाईंनी नकाशा जवळ ओढला. "हे आईचं घर? हे तर नदीत आहे."

"सहाशे दक्षिणेला," सोयलाने वहीत बघून सांगितलं. "बरोबर तर आहे."

"सहाशे म्हणजे सहा कोपरे," दारातून नेफ्ताली म्हणाला. "एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत शंभर. त्या डब्याला हे सांगितलं का कुणी?"

सोयलाने पडद्याचं माप घ्यायची टेप आणली आणि चौघं रस्त्यावर उतरली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चौऱ्याऐंशी मीटर भरले. एवेलियोने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चौऱ्याऐंशीच. बासष्ट वर्षं तो ज्याला शंभर म्हणत आला होता ते शंभर नव्हतंच.

"नेफ्ताली, चुकलो मी," तो म्हणाला. "चल, कॉफी घे."

ग्रेटेलबाईंना हसू आवरेना. "मला अहवाल पाहिजे होता ना? तो आई मला रोज सकाळी फोनवर देते, सदऱ्यासकट. आता वृद्धाश्रमाच्या कपाटातल्या फाईलसाठी तेवढं ते माहितीपत्रकातलं साधं ठिपक्याचं यंत्र लावा." एवेलियोच्याच पाठीचं टेबल करून त्यांनी सही केली.

सोमवारी निकालाचं यंत्र परत न्यायला कंपनीने एक तंत्रज्ञ पाठवला. दहा वाजता त्याचा फोन आला.

"मालक, मी तुमच्या दारात उभा आहे. पण हे तर न्हाव्याचं दुकान आहे."

"पत्ता काय दिलाय तुम्हाला?"

"जुन्या सिनेमापासून चारशे मीटर दक्षिणेला. यंत्रावर बघून एकेक मीटर मोजत आलोय."

एवेलियोने नेफ्तालीसमोर पावाची टोपली सरकवली आणि सावकाश फोनवर म्हणाला, "मग जरा मागे या. आमच्याकडे चारशे थोडे आधी संपतात."