छताला तीन ठोके

माणसाने एक वेळ साहेबाशी वाद घालावा, पण जळमटं काढायच्या काठीने छत ठोकू नये. मी ठोकलं. तेही सुरुवातीला फक्त तीनदा. (मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात कारकून आहे. पहिला ठोका सूचना, दुसरा स्मरणपत्र, तिसरा अंतिम नोटीस. पद्धत म्हणजे पद्धत.)

कारण तसंच गंभीर होतं. बायको शाळेत शिक्षिका आहे आणि मुख्याध्यापिकेच्या परीक्षेला बसली होती. मागच्या वर्षी ती चार गुणांनी हुकली. पेपरच्या आदल्या दिवशी मी भिंतीवर घड्याळ लावायला ड्रिल मशीन आणलं होतं. एका खिळ्यासाठी मी सात भोकं पाडली आणि घड्याळ शेवटी कपाटावर ठेवलं. त्या सात भोकांकडे बघत ती वर्षभर एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

यंदा तिने वेळ बांधून घेतली होती. चार ते सहा अभ्यास. तेवढ्यासाठी मी कचेरीतून लवकर सुटायची परवानगी काढली, कारण पाच वाजता दूध तापवायचं काम माझ्याकडे आलं होतं. आणि बरोब्बर चार वाजता वरच्या मजल्यावर सुरू व्हायचं, "धप्प! गडगडगड. धप्प!"

वर निवृत्त व्यायामशिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

"अहो, वर जाऊन सांगा ना जरा," एकदा मी दूध ठेवत असताना बायको म्हणाली.

"लेखी कळवतो."

"लेखी कशाला? तोंड आहे ना देवाने दिलेलं?"

"तोंडी तक्रारीला पुरावा नसतो," मी म्हणालो आणि मधला मार्ग म्हणून काठी उचलली. ठक, ठक, ठक.

वरचा आवाज थांबला. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात वरून उत्तर आलं. ठक, ठक, ठक.

हा उद्धटपणा झाला! मी चार ठोकले. वरून चार आले. मी सहा ठोकले. वरून सहा. असं वीसपर्यंत गेलं, तोवर दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात मास्तर. अंगात बनियन, हातात डंबेल्सची जोडी आणि डोळ्यांत चक्क पाणी.

"पंधरा वर्षं एकट्याने व्यायाम केला हो," त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "खालून कोणी ताल धरेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं! ही जोडी तुमची. उद्यापासून पाचला मी वर, तुम्ही खाली. तीन ठोके पडले की सुरू!"

आता अशा माणसाला तक्रार कशी सांगणार? मी डंबेल्स घेतली. (घेतली म्हणजे ती मला घेऊन खाली बसली.)

आतून बायकोने विचारलं, "झालं का सांगून?"

"विषय काढलाय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दूध ठेवलं तोच वरून तीन ठोके आले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी एक डंबेल उचललं, ते डोक्यापर्यंत गेलं आणि तिथून पुढचा निर्णय त्याने स्वतःच घेतला. जमिनीवर असा धमाका झाला की बायकोच्या हातातलं पेन उडालं आणि दूध पुन्हा उतू गेलं.

आमच्या खाली शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्या क्षणी त्या गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापत होत्या. बाही खांद्यापासून कोपरापर्यंत तिरकी गेली.

संध्याकाळी सेक्रेटरी कागद घेऊन आले. आमच्या इमारतीच्या इतिहासात आवाजाबद्दलची पहिली लेखी तक्रार दाखल झाली होती आणि ती माझ्याविरुद्ध होती! वर विषय लिहिलेला नव्हता, तारीख नव्हती. मी सवयीने दोन्ही गोष्टी घातल्या आणि मसुदा नीट करून दिला. सेक्रेटरी खूश झाले. "आता केस मजबूत झाली," म्हणाले आणि रविवारी सकाळी खुलाशाला बोलावून गेले.

आत पाहिलं तर बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. कानात कापसाचे बोळे आणि मांडीवर पुस्तक. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तिने मान वर केली नाही, रागावलीही नाही. मला फार वाईट वाटलं. सात भोकांनी माझं समाधान झालं नव्हतं म्हणून मी आठवं पाडत होतो.

रविवारी सेक्रेटरींच्या खोलीत सगळी इमारत जमली. मी चार पानी खुलासा नेला होता. उभा राहिलो, पहिली ओळ वाचली आणि बायकोकडे पाहिलं. कागद खाली ठेवला.

"काकू, तुमची बाही माझ्यामुळे वाकडी झाली. मास्तर, मला व्यायामबियायाम काही जमत नाही. मी ठोकत होतो ते तुम्ही थांबावं म्हणून. हिची परीक्षा आहे. मागच्या वर्षी माझ्यामुळे चार गुणांनी गेली. मला काही नको, हिला चार ते सहा शांतता द्या. बस्स."

मग मास्तर उठले.

"एवढंच होतं? मग बोलायचं ना! काठीला काय कळतं?"

"मशीन पण थांबवते मी," काकू म्हणाल्या. "त्या वेळात कापायचं काम करीन. कात्रीचा काय आवाज? फक्त वरून काही पाडू नका म्हणजे झालं."

मास्तरांचा व्यायाम सकाळवर गेला. सोमवारी चार वाजता इमारत अशी गप्प झाली की भिंतीवरची पाल चुकचुकायला कचरली. मी जिन्यातून छाती काढून चढलो-उतरलो. जे कोणाला जमलं नाही ते मी एका भाषणात करून दाखवलं होतं!

एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बायको मोठ्याने वाचून अभ्यास करते. पूर्वी कोणाला ऐकू जायचं नाही, आता सगळ्यांना जायला लागलं.

"नियम सतरा," ती वाचायची, "शिक्षकाने सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास... राहिल्यास..."

"लेखी कारण द्यावे, बाई!" वरच्या खिडकीतून मास्तर.

"आणि मुख्याध्यापकांची सही!" खालून काकू.

पंधरा दिवसांत अख्ख्या इमारतीला नियम पाठ झाले. आणि बायको? पहिली आली! विभागात पहिली! निकालाच्या दिवशी सगळे आमच्या घरी लोटले. काकू तिला मिठी मारून रडल्या, मास्तरांनी आनंदाने चार जोर काढले. बायको सात भोकांकडे बघून पहिल्यांदा हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बोललात म्हणून झालं हो हे." तेव्हा मला गगन ठेंगणं झालं.

मी सगळ्यांच्या चहासाठी दूध शेगडीवर ठेवलं आणि बाहेर येऊन माझ्या यशाची कथा पहिल्यापासून सुरू केली. नुकता रविवारच्या भाषणापर्यंत पोहोचलो होतो.

"अहो, दूध!"

हे बायको म्हणाली नाही. मास्तर, काकू, सेक्रेटरी आणि दारात उभी राहिलेली बाकीची इमारत, सगळे एका सुरात म्हणाले. रोज चार ते सहात, त्या शांततेत, नियमांच्या मधोमध त्यांनी बायकोच्या तोंडून हेच ऐकलं होतं.

दूध अर्थातच गेलं होतं.

आता बायको मुख्याध्यापिका आहे आणि घरी उशिरा येते. पण रोज पाचच्या सुमाराला वरून तीन ठोके येतात. पहिला सूचना, दुसरा स्मरणपत्र, तिसरा अंतिम नोटीस. तिसऱ्याच्या आत मी शेगडीपाशी पोहोचतो. (नाहीतर काकू खालून ठोकतात.)