राणीसाहेब जेवत नाहीत

चष्मेवाल्याला एका निळ्या माशाची दया आली, तिथून हे सगळं सुरू झालं. (त्याच्या घरातली बहुतेक संकटं त्याच्या दयेतूनच सुरू होतात. बायकोच्या हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं.)

हॉलमध्ये सोफ्याला लागून खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी होती. आत खडक, वाळू, पंप, दिवा असा सगळा सरंजाम, आणि एवढ्या सरंजामात बोटाएवढा एकच मासा. नव्या टाकीतलं पाणी मुरायला वेळ लागतो, तोवर एखादा चिवट मासा सोडून ठेवा, असं माशांच्या दुकानदाराने सांगितलं होतं म्हणून तो आणलेला. यथावकाश पाणी मुरलं आणि मासाही मुरला. दिवसभर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत असे.

"बिचारा एकटा पडलाय गं," चष्मेवाला एका संध्याकाळी म्हणाला. "सोबत हवी त्याला."

"असं त्याने सांगितलं तुम्हाला?" बायकोने विचारलं. ती हॉस्पिटलात नर्स होती. कुठे दुखतंय हे पेशंटने स्वतः सांगितल्याशिवाय औषधाची बाटली उघडायची नाही, अशा मताची.

"चेहऱ्यावरून कळतं."

दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचा धंदा असल्यामुळे आपल्याला चेहरे वाचता येतात, असा चष्मेवाल्याचा पक्का समज होता. माशाच्या चेहऱ्यावर त्याने एकटेपणा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी आपलं चष्म्यांचं दुकान बंद करून परत येताना तो एक एंजलफिश घेऊन आला. केशरी-लाल अंग, त्यावर उभे काळे पट्टे, पंखांना निळी किनार. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि जागच्या जागी तिचं बारसं केलं, "ही तर राणीसाहेब आहे!"

राणीसाहेबांना टाकीत कसं न्यायचं याबद्दल दुकानदाराने चष्मेवाल्याला बजावून सांगितलं होतं. "साहेब, एकदम ओतू नका हां. तुमचं पाणी वेगळं, आमचं वेगळं. आधी पिशवी टाकीत तशीच तरंगत ठेवा. मग तिला बादलीत घ्या आणि तुमचं पाणी थेंबथेंब सोडा. सावकाश. आणि एक सांगतो, टाकीत गेल्यावर एखादा दिवस ती लपून बसेल, चालेल. पण नंतर खायला लागली पाहिजे. खाल्लं नाही तर मासा खचतो. तसं दिसलं तर सरळ आणून द्या माझ्याकडे."

थेंबथेंब म्हटल्यावर काम अर्थातच बायकोकडे गेलं. तिने औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणवली, एक टोक टाकीत अडकवलं, दुसरं बादलीत सोडलं आणि नळीवरचं चाक फिरवून अशी लय लावली की राणीसाहेब अतिदक्षता विभागात दाखल झाल्यासारख्या दिसू लागल्या.

"मी आंघोळ करून येते. चाकाला हात लावायचा नाही."

"छे, मी कशाला लावू?"

चष्मेवाला बादलीशेजारी बसला. थेंब पडत होते. पाहुणी दारात आणि आपण तिला उभं करून ठेवलंय, असं त्याला वाटू लागलं. त्याला दया आली. त्याने चाक जरासं फिरवलं. (त्याच्या दुकानात चष्म्याचा स्क्रूसुद्धा जरासाच फिरवतात आणि काच खाली पडते.) मग तो पेपर वाचायला लागला.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा कप हातात घेऊन उभे होते.

"तुमच्याकडून पाणी गळतंय."

"आमच्याकडून? बाथरूमचं असेल, आजोबा. ही आंघोळ करतेय."

"बाथरूमचं नाही. खारट आहे."

"तुम्ही चाखून पाहिलंत?"

"माझ्या चहात पडलं!"

चष्मेवाल्याने वळून पाहिलं. बादली काठोकाठ भरून वाहत होती, गालिचा पाणी पिऊन तट्ट फुगला होता आणि काठाशी आलेल्या राणीसाहेब हॉलची पाहणी करत होत्या. ओल्या केसांनी बाहेर आलेल्या बायकोने नळी काढली, राणीसाहेबांना जाळीत घेऊन टाकीत सोडलं, दिवा मालवला आणि आजोबांना नवा चहा करून दिला. चष्मेवाल्याने गालिचा पिळला.

खरी गंमत सकाळी कळली. दिवा लावताच निळा मासा बाणासारखा आला आणि त्याने राणीसाहेबांना अशी धडक दिली की त्या थेट मागच्या खडकाच्या बिळात. नाक बाहेर आलं की धडक, शेपूट हललं की धडक.

"सोबत हवी होती ती यालाच ना?" बायकोने विचारलं.

"नवखेपणा आहे. होईल ओळख."

ओळख झाली नाही. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. निळा मासा तिला अक्षरशः पाण्यात पाहत होता. मुलीने त्याचं नाव 'घरमालक' ठेवलं आणि राणीसाहेब पोटभाडेकरूसारख्या बिळात बसून राहिल्या.

बसून राहिल्या ते ठीक, पण जेवेनात. चष्मेवाल्याने फ्रीजरमधली बारीक कोळंबी वितळवून घातली, ती घरमालकाने खाल्ली. समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद चिमट्याने काचेला लावला, तो घरमालकाने फाडून खाल्ला. दुकानदार फोनवरून म्हणाला, "लसणाच्या रसात बुडवून द्या, भूक चाळवते." लसणाने भूक चाळवली, पण घरमालकाची. तो दिवसेंदिवस गरगरीत होत चालला.

"आमच्या भाजीपेक्षा तिच्या ताटात लसूण जास्त," बायको म्हणाली.

"पण ती खात कुठे आहे?"

हे म्हणताना चष्मेवाल्याचा आवाज पडला. चेष्टा बाजूला ठेवली तर तो खरंच काळजीत होता. राणीसाहेबांचं पोट आत गेलं होतं आणि पट्ट्यांचा काळा रंग फिकट दिसू लागला होता. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्याने जवळच्या नंबराऐवजी लांबचा चष्मा दिला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर सारखं ते रिकामं पोट येत होतं. आपण हौसेने आणलेला जीव आपल्याच घरात उपाशी मरणार, हा विचार त्याला सहन होत नव्हता.

बायकोलाही होत नव्हता. फक्त तिची सांगायची पद्धत वेगळी होती. "दिवसभर मी न जेवणाऱ्या पेशंटांच्या मागे चमचा घेऊन फिरते. घरी आल्यावर पुन्हा तेच मला नको. रविवारपर्यंत तिने तोंडात घास घेतला नाही तर तिला परत नेऊन द्यायचं. तिकडे तरी जगेल."

चष्मेवाल्याने पुन्हा दुकानदाराला फोन लावला.

दुकानदाराने उंटावरून शेळ्या हाकणं चालूच ठेवलं. "साहेब, खडकांची जागा बदला. जुन्या माशाला आपली हद्द कुठली ते कळणार नाही." चष्मेवाल्याने खांद्यापर्यंत हात बुडवून सगळे खडक इकडचे तिकडे केले. घरमालकाने एक फेरी मारून नवी मांडणी पाहिली, ती त्याला पसंत पडली आणि आता त्याने कोपरेसुद्धा ताब्यात घेतले.

"मग आरसा लावा बाहेरून. तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसेल, तोवर ती जेवेल."

आता आरसा म्हणजे चष्मेवाल्याचा घरचा विषय. दुकानातला गिऱ्हाइकांचा आरसा त्याने उचलून आणला (दिवसभर लोक चष्मा लावून मोबाइलच्या काचेत तोंड बघत होते) आणि टाकीला टेकवला. घरमालक आरशावर तुटून पडला. राणीसाहेबांनी बिळातून नाक काढलं, मान काढली, अर्ध्या बाहेर आल्या. तेवढ्यात राणीसाहेबांना आरशात दुसऱ्या राणीसाहेब दिसल्या. एका घरमालकाचे दोन झाले होते ते झालेच, वर ही सवत! त्या उलट्या फिरल्या आणि आधीपेक्षाही खोल बिळात गेल्या.

रविवार उजाडला. बायकोने पिशवी, जाळी आणि बादली काढून ठेवली. मुलगी उगाचच स्वयंपाकघरात भांडी लावत बसली.

"जाळी मी घालते," बायको म्हणाली. "तुम्हाला दया येईल."

चष्मेवाला टाकीच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला. निदान निरोप तरी घ्यावा म्हणून त्याने जाड भिंगांच्या चष्म्यासकट काचेला नाक लावलं. त्याला वाईट वाटत होतं, चारचौघांत सांगता येणार नाही इतकं वाईट. "माफ कर," तो पुटपुटला.

फाटकन आवाज झाला. घरमालकाने आतून त्याच्या नाकावर धडक मारली होती. मग कपाळावर. मग परत नाकावर. पंख फुलवून, तोंड वासून तो चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर असा काही तुटून पडला की आरशाचं भांडण म्हणजे नुसती तालीम वाटावी.

उजव्या बाजूला बायकोने राणीसाहेबांना जाळीकडे ओढून घ्यायला म्हणून शेवाळाचा तुकडा बोटांत धरून पाण्यात हात घातला होता.

"अहो," ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "हलू नका."

"काय झालं?"

"बाहेर आलीय."

चष्मेवाला वळायला लागला. त्याचं नाक काचेवरून निघताच घरमालकानेही तोंड फिरवलं.

"हलू नका म्हटलं ना! लावा, नाक लावा परत!"

त्याने नाक लावलं. घरमालक परत आला.

"खाल्लं का?"

"वास घेतेय... घेतला! तोंडात घेतला!"

"खरंच? मला बघू दे ना गं."

"तुम्ही तिकडेच बघा."

मुलगी धावत आली आणि "बाबा, खातेय हो, आईच्या हातातून खातेय!" असं ओरडली. डोळ्यांसमोर एक चिडलेला निळा मासा आणि पाठीमागे आनंदीआनंद, अशा अवस्थेत चष्मेवाला राणीसाहेबांचं पोट भरेपर्यंत बसून राहिला.

पिशवी आणि बादली माळ्यावर गेली. त्या दिवसापासून घरात तीच पद्धत पडली. दुकानात जाण्याआधी आणि दुकानातून आल्यावर चष्मेवाला डावीकडे काचेला तोंड लावून बसतो, घरमालक त्याच्याशी भांडतो आणि उजवीकडे राणीसाहेब बायकोच्या बोटांतून जेवतात. त्यांच्या पट्ट्यांचा रंग परत आला, पोट भरलं. चष्मेवाल्याने त्यांना जेवताना अजून पाहिलेलं नाही.

पण त्याने या प्रकाराचा शास्त्रीय उलगडा मात्र केला. "साधी गोष्ट आहे," तो एका संध्याकाळी मायलेकींना म्हणाला. "माझा नंबर मोठा, भिंगं जाड. त्यांत घरमालकाला स्वतःची दोन प्रतिबिंबं दिसतात, एकेका काचेत एकेक. आरशात एक, इथे दोन, म्हणून राग दुप्पट. हा धंद्यातला माणूस घरात आहे म्हणून ती जगली."

"मग चष्मा काढून बघा ना, बाबा," मुलगी म्हणाली. "प्रतिबिंब नसलं की तो येणारच नाही."

"अर्थात येणार नाही. हे बघ." त्याने ऐटीत चष्मा काढून मुलीच्या हातात दिला आणि उघडा चेहरा काचेला लावला.

त्याला काहीच दिसत नव्हतं. नुसता फाट, फाट, फाट असा आवाज ऐकू येत होता आणि काच हादरत होती.

"गेला ना तो?" त्याने विचारलं.

मुलगी हसता हसता सोफ्यावर आडवी झाली होती. बायकोने शेवाळाचा आणखी एक तुकडा उचलला आणि पाण्यात हात घातला.

"उद्यापासून चष्मा काढूनच बसत जा," ती म्हणाली. "आज दोन घास जास्त गेले तिला."