सील तुटलेला सेट

आमच्या वणीतले ढवळेकाका नवी वस्तू हातात आली की आधी तिचे स्क्रू शोधतात. लेकीच्या सासरहून आलेलं घड्याळ त्यांनी व्याह्यांसमोरच उघडलं होतं. व्याही चहा प्यायचे थांबले. "उघडत नाही ते आपलं नाही," म्हणत काका पेचकस फिरवत राहिले.

काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. हौशी रेडिओचा सरकारी परवाना त्यांच्याकडे आहे, मालतीकाकूंकडेही. गच्चीवर लांब तार, आणि खाली बसून दोघं कुठल्या कुठल्या मुलखातल्या माणसांशी बोलणार. एकमेकांशी मात्र भांडणापुरतंच.

कंपनीच्या तयार रेडिओ सेटवर काकांचा भारी राग. सेटच्या पोटात एक प्रोग्राम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला. सगळा सेट तोच चालवतो, आणि कंपनी तो कुलपात ठेवते. काका स्वतः प्रोग्राम लिहितात आणि मागेल त्याला फुकट वाटतात. फुकट! जुन्या सामानाच्या धंद्यात मी शून्यातून वर आलेला माणूस. हा शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरतं.

आता माझं गाऱ्हाणं. कापसाची ती वाईट सालं. दुकानात सगळे विकायला येत, घ्यायला कोणी नाही. अशात चंद्रपूरच्या एका गिऱ्हाइकासाठी मी कंपनीचा सेट घासाघीस करून मिळवला. त्याची अट एकच, सील शाबूत पाहिजे. सेट चालतो का तेवढं बघायला काकांकडे ठेवला. उघडू नका म्हणून तीनदा बजावलं.

आठ दिवसांनी गेलो, तर सील केराच्या टोपलीत.

"काका, हे काय केलं?"

"मोकळा केला त्याले. कंपनीच्या प्रोग्रामची चिप काढली, माही टाकली."

"कोणाले इचारून?"

"तुले इचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं काय?"

मी पेटलो. जुनी चिप आत्ताच्या आत्ता बसवून द्या, असं ओरडत आतल्या खोलीत शिरलो.

काकू माझ्याच सेटपुढे बसल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर कमी होत चालली आहे हे मला माहीत होतं. पार गेली हे माहीत नव्हतं. त्यांनी चाचपत गोल बटण फिरवलं, आणि सेटमधून काकांचा आवाज आला, "सात. शून्य. नऊ. शून्य."

कंपनीच्या त्या सेटवर फ्रिक्वेन्सीचे आकडे नुसते दिसायचे.

पलीकडून कोणीतरी नमस्कार केला. काकू खुदकन हसल्या, मग बराच वेळ आंब्याच्या लोणच्यावर बोलल्या. मी दारातच उभा. शेवटी त्यांनी बंद करायचं बटण दाबलं, तर विझता विझता सेट म्हणाला, "मालती, गोळी घेतली काय?"

इतक्या मऊ आवाजात काकांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"घेतली ना बापा," काकू सेटला म्हणाल्या.

मागे वळलो. काका पेचकस घेऊन उभे होते.

"घरचा सेट जळला," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "गुमसुम बसून राहे ती. देतो तुही चिप बसवून. अर्धा घंटा लागंल."

ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्याचा राग मला अजून आहे.

"राहू द्या," मी म्हणालो. "उघडलेला माल मी वापस घेत नाही."