देव्हाऱ्यातले नाकाडे

मी एका रोमन बादशहाची सहा महिने पूजा केली आहे. अगदी साग्रसंगीत. रोज आंघोळ, गंध, फूल, दुपारी वरणभाताचा नैवेद्य, एकादशीला वऱ्याचे तांदूळ. आणि हे करणारी बाई अडाणी नव्हती हो. मॅट्रिक पास होती. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणं तिला तोंडपाठ होती आणि सासरी आल्यागेल्याला ती ऐकवल्याशिवाय ती चहा देत नसे.

बादशहा आमचा नव्हता. वामनभावजींचा होता.

वामनराव तेंडोलकर गिरगावातल्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत एकटे राहत. माझ्या यजमानांचे स्नेही, म्हणून माझे भावजी. वय चाळिशीचं, नोकरी गोदीत कारकुनाची. देशोदेशीच्या बोटी लागायच्या. इतर कारकून खलाशांकडून विलायती साबण आणि दाढीची पाती घेत, हे गृहस्थ जुनी रोमन नाणी घेत. त्यातही एक अट होती. नाण्यावरचा चेहरा कुरूप पाहिजे.

एकदा कुणा खलाशानं त्यांना एका राणीचं नाणं दाखवलं. सरळ नाक, केसांचा सुरेख अंबाडा. भावजींनी परत केलं. "हिला कुणीही घेईल," म्हणाले.

त्यांच्याकडे सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ठेवलेले सतरा बादशहा होते. खरी नावं पुस्तकात असतील, पण भावजींनी त्यांना आपली आडनावं दिली होती. गालफुगे, मानतुटे, हनुवटे. एकाला डोळाच नव्हता, त्याला ते 'काणेकर' म्हणायला निघाले होते. पण खालच्या मजल्यावर खरे काणेकर राहत, म्हणून ते बारसं राहिलं. आणि अठरावे, सगळ्यांत लाडके नाकाडे. जाडजूड, काळपट नाणं आणि त्यावर कपाळातून निघून थेट हनुवटीला भेटायला गेलेलं नाक. नाकाडे डब्यात नसत. भावजींच्या कोटाच्या खिशात असत.

"वहिनी, नाक बघा," ते म्हणायचे. "खुद्द बादशहाचं नाक! ठसा कोरणाऱ्याला भीती वाटली नसेल? पण भ्याला नाही. होतं तसं काढलं."

"किंवा त्याला सरळ नाक काढता येत नसेल," मी म्हणायची. मग दोन दिवस ते माझ्याशी बोलत नसत.

"भ्याला" आणि "भ्याला नाही" ह्या दोन मापांनी ते सगळं जग मोजत. आमच्या लग्नाचा फोटो पाहिला, त्यात फोटोवाल्यानं माझे पुढचे दात झाकले होते. "भ्याला!" माझी आमटी चाखली. "मीठ टाकताना भ्यालात, वहिनी." ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, प्रभातफेरी. भावजी सभेहून आले की मजलाभर निकाल सांगत यायचे, "पहिले दोन वक्ते भ्याले. तिसरा भ्याला नाही."

तर त्या फाल्गुनात सासूबाई शिमग्यासाठी गावी निघाल्या. आता परतणार त्या श्रावणात, नारळी पौर्णिमेनंतर. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असे. देव्हारा माझ्या ताब्यात आला. आमच्या देव्हाऱ्यात मूर्ती नव्हत्या, टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्यांचे चेहरे पार पुसट झालेले; कोण देव, कोण पूर्वज, हे फक्त सासूबाईंना ठाऊक. निघताना त्यांनी मला काहीतरी बजावलं. पण सासू गावी निघाली की सुनेनं रडावं, असं आईनं शिकवून पाठवलं होतं. मी इतकी जीव तोडून रडत होते, की त्या काय म्हणाल्या ते ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसले आणि मोजले. टाक सातच्या जागी सहा!

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. घरचा देव हरवलेली सून! केराच्या डब्यापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं पालथं घातलं. यजमानांनाही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी खालच्या रस्त्यावर मोर्चा अडवला. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला. पोरं डोळे चोळत आमच्या जिन्यात शिरली. वामनभावजी कोट अंगात तसाच ठेवून नळावरून बादल्या भरभरून जिन्यात नेत होते. "डोळे चोळू नका रे, पाणी मारा, पाणी!" तासाभरानं सगळं शांत झालं. मी गॅलरीतलं पाणी लोटायला गेले, तर आमच्याच उंबऱ्यापाशी काळं, गोल काहीतरी पडलेलं. उचललं. अश्रुधुरानं चुरचुरणाऱ्या डोळ्यांना दिसला तो एवढाच, उग्र, वाकड्या नाकाचा चेहरा.

देव भेटला! मी तिथंच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. ह्या वेळी खरी.

चांदी इतकी काळी कशी, जाड कशी, असले प्रश्न मॅट्रिक पास बाईला पडले नाहीत. आणि रूपाचं म्हणाल, तर कोकणातला देव देखणाच असला पाहिजे असं कुठे आहे? मी त्याला चिंच आणि राख लावून खसाखसा घासलं आणि सहांच्या मधोमध बसवलं. पुढे दर सोमवारी तेच. चिंच, राख, खसाखसा.

इकडे त्याच संध्याकाळपासून भावजी नाकाडे शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर शोधले! बंब हलवला, जिन्याखाली कंदील धरून वाकले. मी आजवर नाकाडे भावजींच्या तळहातावर काळेकुट्ट पाहिलेले. आणि देव्हाऱ्यात घासूनपुसून तांबूस झालेल्या देवाकडे सून कधी डोळे वर करून बघते का? भावजींनी डबा उघडणं सोडलं. सभांना जात, पण निकाल सांगत नसत. माझ्या आमटीला कसलंही नाव ठेवीनासे झाले. मला राहवेना. मी देव्हाऱ्यापुढे पदर पसरून त्या नव्यानं सापडलेल्या देवालाच नवस बोलले, "देवा, वामनभावजींचे नाकाडे सापडू देत, तुला पाच नारळ वाढवीन."

देव माझ्याकडे बघत राहिला.

श्रावणात सासूबाई आल्या. आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसल्या, कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून एक टाक काढला.

"ह्यो एकटो मी शिमग्याक घेऊन गेल्लंय. सांगितलंय मा तुका?" मग त्यांची नजर मधोमध गेली. "आणि ह्यो कोण गो? ह्यो खंयसून इलो?"

मी नीट पाहिलं. आयुष्यात प्रथमच. कपाळ तेच, हनुवटी तीच; बादशहा ओळखू आला, पण त्याचं नाक नव्हतं. सहा महिन्यांच्या चिंचेनं आणि राखेनं ते साफ खाल्लं होतं.

मी सगळं सांगितलं. सासूबाई आधी देवाकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून गदगदा हसल्या. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "पूजलंस तां पूजलंस. पण दुसऱ्याचो देव घरात ठेवूचो नाय. नारळ दी आणि पोचव."

ताम्हणात अक्षता, त्यावर बादशहा, शेजारी नारळ. असं घेऊन मी टोकाच्या खोलीकडे निघाले. पन्नास पावलं असतील. तेवढ्यात मी मनातल्या मनात सुटकेसची बांधाबांध करून माहेरीसुद्धा पोचले होते. ज्या नाकासाठी हा माणूस जीव टाकायचा, तेच मी घासून टाकलं होतं.

भावजी कॉटवर बसले होते. मी ताम्हण पुढे केलं आणि एका दमात बोलून मोकळी झाले. नवसासकट.

त्यांनी नाणं उचललं. उजेडाला धरलं. नाक होतं तिथून अंगठा फिरवला. कानाच्या खाचेत हळदकुंकू साचलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"रोज आंघोळ घालत होतात?"

"हो."

"आणि नैवेद्य? रोज?"

"रोज. तुम्ही सभेला गेलेले असायचात तेव्हासुद्धा."

मी चौकटीला धरून उभी. मग त्यांनी बादशहा परत ताम्हणात ठेवला, अक्षता नीट केल्या, आणि ताम्हण माझ्याच हातात दिलं.

"राहू द्या त्यांना तुमच्याकडेच," ते म्हणाले. "इथं दिवसभर कुणी नसतं. मी आपला संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, त्यांना बघायला येत जाईन. तुमच्या सासूबाईंना विचारा, चालेल का."