बटणाचे सुळे

हेडक्लार्कच्या घरात सध्या एकच विषय होता, तो म्हणजे बटणाचे सुळे. बटण हे बायकोने हट्टाने आणलेलं, ओंजळीत मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू. त्याचे दुधाचे दात पडले आणि पक्के आले ते भलतीकडेच. खालचे दोन्ही सुळे आत वळलेले, त्यामुळे तोंड मिटलं की ते टाळूत रुतायचे. टाळूला लाल खड्डे पडले होते. बिचारं मान वाकडी करून, जपून जपून खायचं.

"घाबरू नका," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "छोट्या जातींत होतं असं. मापाचा रबरी चेंडू देतो, तो रोज चावू दे. दाबाने सुळे हळूहळू बाहेर सरकतील. पण खेळता खेळता चावायला हवा, बळजबरी नको. महिन्याभरात नाहीच सरकले, तर भूल देऊन कापावे लागतील."

'भूल' म्हटल्याबरोबर बायकोचे डोळे भरून आले. "एवढुसा जीव! झोपवला आणि उठलाच नाही तर?"

चेंडू घरी आला. बटणाने तो हुंगला आणि पाठ फिरवून झोपलं. चेंडूला तूप लावून झालं, त्याच्यामागे घरभर पळून झालं, पण घोडं तिथेच अडलेलं. शेवटी सासूबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या दोऱ्याचं रीळ दातात धरून सुई ओवत होत्या, आणि बटण रिळासाठी जिवाच्या आकांताने उड्या मारत होतं.

"याला दुसऱ्याच्या तोंडातलंच हवं असतं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी चेंडू तोंडात धरून चावून दाखवा."

"कुणीतरी म्हणजे?" हेडक्लार्कने सावधपणे विचारलं.

"माझी कवळी. हिची दाढ कालच भरलीय. घरात धडधाकट दात तुमचेच, जावईबापू."

"अहो, पण मी हेडक्लार्क आहे!"

"दातांना काय ठाऊक?"

मग दोन चेंडू झाले. तांबडा बटणाचा, निळा यांचा. हेडक्लार्क गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवा झाला, निळा चेंडू दातात धरला आणि नुसतं धरून भागत नाही म्हटल्यावर थोडा गुरगुरलाही. बटण क्षणभर थक्क झालं. मग त्याने तांबडा चेंडू पकडला आणि समोर उभं राहून दुप्पट गुरगुरत चावायला लागलं. बायकोने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून सकाळ, संध्याकाळ आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन, असा हा उपचार सुरू झाला.

आता समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा नेमका त्याच्याच कार्यालयातला रोखपाल. अधीक्षकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि तिच्यावर दोघांचाही डोळा होता. रोखपालाला खिडकीतून सोफ्याआडचं बटण दिसत नव्हतं. दिसत होता तो चौपायी हेडक्लार्क, तोंडात चेंडू धरून मान झटकणारा.

"माणूस चांगला आहे हो," दुसऱ्या दिवशी रोखपाल प्रत्येक टेबलावर जाऊन हळहळत होता. "कामाचा ताण, दुसरं काय! आपण समजून घ्यायला हवं."

सगळ्यांनी इतकं समजून घेतलं, की हेडक्लार्कला फाइल देताना लोक हात लांब करू लागले. त्यात भर म्हणजे बैठक. कार्यालयाच्या प्रमुख मॅडम अध्यक्षस्थानी होत्या. त्यांना हसताना अजून कुणी पाहिलं नव्हतं. घाम पुसायला हेडक्लार्कने खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर निळा चेंडू बाहेर पडला, टेबलावर टणाटणा उडाला आणि घरंगळत मॅडमसमोर जाऊन थांबला. त्यावर सगळीकडे दातांचे व्रण होते. मॅडमनी आधी व्रण पाहिले, मग हेडक्लार्कचे दात.

"पुढचे आकडे वाचा," त्या म्हणाल्या.

"उद्यापासून बंद!" घरी येताच हेडक्लार्कने जाहीर केलं. "बढती गेलीच, आता अब्रूही चाललीय."

बायकोने बटणापुढे ताटली ठेवली. बटणाने मान वाकडी करून घास घेतला, कळवळून टाकला, आणि हेडक्लार्ककडे बघून तरीही शेपटी हलवली. हे पिल्लू मला मुळीच आवडत नाही, असं तो जो भेटेल त्याला सांगत आला होता, आणि ते साफ खोटं होतं.

"कुठाय माझा चेंडू?"

"पडदा लावू का?" बायकोने हळूच विचारलं.

"राहू दे. आता झाकायचं काय उरलंय?"

महिना भरला तेव्हा डॉक्टरांनी बटणाचा जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "आले की बाहेर! कापायची गरज नाही." सासूबाईंनी जावयाच्या पाठीवर शाबासकी दिली, ती बटणाला द्यायची तशीच, थोपटून.

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. हेडक्लार्कची पाचावर धारण बसली.

"खरं काय ते सांगून टाका," रोखपालाने खांद्यावर हात ठेवला. "रजा घ्या. खुर्चीची काळजी करू नका, मी आहे."

आत गेल्यावर हेडक्लार्कने काही विचारायची वाटच पाहिली नाही. पिल्लू, सुळे, टाळू, चेंडू, गुरगुरणं, सगळं एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग? आले सुळे बाहेर?"

"आले, मॅडम. कापायची गरज नाही, म्हणाले डॉक्टर."

मॅडम उठल्या. दाराला कडी लावली. पर्समधून एक करकरीत रबरी चेंडू काढला. त्यावर एकही व्रण नव्हता.

"आमचं पिल्लू ढुंकून बघत नाही हो याच्याकडे," त्यांनी चेंडू पुढे धरला. "पुढच्या आठवड्यात कापायची तारीख दिलीय. रात्री झोप नाही मला. खुर्चीचं आपण नंतर बोलू. आधी दाखवा, कसं करायचं ते."

हेडक्लार्कने गालिच्यावर ओणवं होऊन दाखवलं. मग मॅडम गुडघ्यांवर बसल्या. चेंडू दातात धरला.

"छान, मॅडम. पण नुसतं धरून चालत नाही. गुरगुरायला हवं."

मॅडमनी घसा खाकरल्यासारखा आवाज काढला.

"असं नाही. मनापासून हवं. म्हणजे, महिनाअखेरीला आमच्यावर कशा…" आणि त्याने जीभ चावली. पण मॅडमना नेमकं कळलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा घामाने डबडबला होता आणि पॅन्टच्या गुडघ्यांना गालिच्याची लव चिकटली होती. दाराला कान लावून बसलेला रोखपाल कसाबसा सावरून उभा राहिला. गुडघ्यांकडे बघून त्याला मनापासून कणव आली.

"फारच झापलं वाटतं? बाहेरपर्यंत ऐकू येत होतं!"

"हो ना," हेडक्लार्क रुमालाने कपाळ पुसत म्हणाला. "पण उद्या परत बोलावलंय. अजून जोर कमी पडतोय त्यांचा."